शिकंजा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, शिकंजा हा शब्द आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. कुणाभोवती तरी कायद्याचा शिकंजा आवळला जातो, कुणी कर्जाच्या शिकंज्यात सापडतो. शब्द मूळचा फारसी. आमच्या घरात मात्र शिकंजा ही एक वस्तू होती आणि तिच्यावर आम्ही सहा माणसं जेवत होतो. माझे अब्बा बाइंडर होते. मुंबईत भेंडीबाजाराच्या बाजूला एका जिन्याखाली त्यांची जागा होती. सोपाऱ्याहून रोज सकाळी लोकल पकडून जायचे आणि रात्री सरसाचा वास घेऊन परत यायचे. पुस्तक शिवून, पुठ्ठा चढवून झाला की रात्रभर ते शिकंज्यात दाबून ठेवायचं. खाली जाड बैठक, दोन्ही बाजूंनी वर गेलेली कमान, कमानीच्या माथ्यातून उतरणारा आट्यांचा दांडा, त्याच्या टोकाला दाबाची पाटी आणि वर फिरवायचं चाक. सगळं बिडाचं, फक्त दांडा पोलादाचा.

अब्बा १९९८ साली गेले. जागेची पागडी फिटली नव्हती. मी तो शिकंजा भंगारवाल्याला वजनावर दिला. अडतीस किलो भरला. ही गोष्ट मी कवितेत कधी लिहिली नाही, आज इथे सांगतो आहे.

गेल्या वर्षी मुलाने मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका ठिकाणी तसाच शिकंजा दाखवला. उत्तरेकडच्या एका शहरातल्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्याने तो विकायला काढला होता. एक छापखाना बंद पडला, त्यातलं सामान. चार फोटो होते. ‘चालू स्थितीत, कुठेही तुटफूट नाही’ असं लिहिलेलं. किंमत साडेनऊ हजार, वाहतुकीचे तेराशे पन्नास वेगळे. माझ्या दोन कवितासंग्रहांच्या मिळून शेदीडशे प्रती बिनबांधणीच्या पडून आहेत, त्या मी स्वतः बांधीन असं घरात कारण सांगितलं. घरच्यांनी ते खरं मानल्यासारखं केलं.

अकरा दिवसांनी पार्सल आलं. जुलैचा पाऊस, नालासोपाऱ्यात गुडघाभर पाणी. पार्सल आणणारा पोरगा विशीतला, नखशिखांत भिजलेला. म्हणाला, “चाचा, लवकर ओटीपी सांगा, अजून बावीस घरं बाकी आहेत.” मी आकडे सांगितले. त्याने खोका उंबऱ्याच्या आत ठेवला तेव्हा आतून खळ्ळ असा आवाज आला. बिडाच्या वस्तूला तो आवाज शोभत नाही. पण तोवर पोरगा जिन्याखाली गेला होता.

इथेच माझी पहिली चूक झाली. ओटीपी सांगणं म्हणजे पूर्वीच्या काळी पावतीवर सही करणं. पूर्वी निदान सहीशेजारी लिहिता यायचं, ‘खोका एका कोपऱ्यात दबलेला, आतून आवाज येतो, न उघडता ताब्यात घेतला.’ ट्रान्स्पोर्टच्या गोदामात आजही बिल्टीच्या प्रतीवर असं लिहिता येतं आणि ते लिहिलेलं पुढे फार उपयोगी पडतं. ओटीपीच्या जमान्यात लिहायला कागदच नाही. तेव्हा आकडे सांगण्याआधी खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो काढावेत, एका फोटोत पत्त्याची चिठ्ठी स्पष्ट यावी. खोका फाटलेला, ओला किंवा आतून खुळखुळणारा असेल तर घ्यायलाच नकार देता येतो. घेतलाच तर त्याच तासाभरात विकणाऱ्याला आणि वाहतूकवाल्याला लेखी कळवावं. त्या पोरावर मात्र रागावू नये. खोका त्याने पाडलेला नसतो आणि भरपाई कापली गेली तर कधीकधी त्याच्याच पगारातून जाते.

उघडताना मुलाने मोबाइलवर चित्रीकरण केलं, हे त्याचं शहाणपण. वर एक पोतं, त्याखाली पुठ्ठा, पुठ्ठ्यात वर्तमानपत्रांचे बोळे. एवढंच. चाकाचा एक आरा तुटून खाली पडला होता. कमानीच्या डाव्या खांद्यावर एक तडा, माझ्या करंगळीएवढा लांब. मी तिथेच जमिनीवर बसलो.

आता थोडं बिडाविषयी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं भांडण कळायचं नाही. बीड म्हणजे दोन ते चार टक्के कार्बन असलेलं ओतीव लोखंड. त्यातला बराचसा कार्बन ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने आत विखुरलेला असतो. पेन्सिलीत असतं तेच ग्राफाइट. त्यामुळे बीड ओतायला सोपं, स्वस्त, हादरे पचवणारं. पण हे पापुद्रे म्हणजे धातूच्या पोटातल्या असंख्य बारीक फटीच. बीड दाबलं तर ती मिटतात आणि ते पर्वतासारखं उभं राहतं. ताणलं तर उघडतात. बीड दाब जेवढा सोसतं त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढाच ताण सोसतं. आणि पोलादासारखं आधी वाकून इशारा देत नाही, सरळ तडकतं. बिडाचा तवा हातातून निसटला की काय होतं, हे आपल्या प्रत्येक घरात कुणीतरी पाहिलेलं असतं.

शिकंज्यात चाक आवळलं की पाटी खाली दाबते आणि कमान वर ताणली जाते. पुस्तकावर जेवढा दाब, तेवढाच ताण कमानीवर. म्हणून बैठकीला तडा असता तर एक वेळ चाललं असतं, कमानीचा तडा चालत नाही. विकणाऱ्याने फोनवर सांगितलं, “भाईसाब, बारीक रेघ आहे, आणखी वीस वर्षं चालेल.” त्याला शिकंजा वापरायचा नव्हता, म्हणून त्याला ते सुचलं.

पाठवताना त्याने आणखी एक गंमत केली होती. पाटी हलू नये म्हणून तिच्याखाली वर्तमानपत्रांचा गठ्ठा घालून चाक अगदी करकचून आवळलं होतं. म्हणजे कमान आधीच ताणलेली, आणि अशा अवस्थेत खोका कुठेतरी खांद्यावरून खाली गेला. योग्य रीत अशी की चाक काढून वेगळं गुंडाळायचं, पाटीखाली लाकडाचा ठोकळा ठेवून हाताने टेकेल एवढंच आवळायचं, बैठक एका फळीला बोल्टने बसवायची आणि भोवती लाकडी पेटी. वीस-चाळीस किलोच्या वस्तूची हालत सर्वांत वाईट, असं माझं मत झालं आहे. त्याहून हलकी वस्तू माणूस नीट ठेवतो, त्याहून जड असेल तर ढकलगाडी आणतो. मधलं वजन एकटा माणूस कसंबसं उचलतो आणि शेवटच्या वीतभर उंचीवरून सोडून देतो.

आमची वसई जड ओतीव धातूच्या प्रवासासाठी फार जुनी प्रसिद्ध आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा इथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठे सरदार घेऊन गेले. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला, भीमाशंकरला त्या आजही टांगलेल्या दिसतात. घंटेचा कासा म्हणजे तांब्यात पाचवा हिस्सा कथील, तोही ठिसूळच. घाटवाटांनी त्या घंटा न फुटता वर गेल्या. तडा गेलेली घंटा देवळात कोण टांगेल? तेव्हा नेणाऱ्यांनी काळजी घेतली असणार. असो.

तर भांडण असं झालं. मी त्याच दिवशी फोटो आणि चित्रीकरण दोघांनाही पाठवलं. विकणारा म्हणाला, माल माझ्याकडून धड निघाला, वाहतुकीत फुटला, त्यांना विचारा. वाहतूकवाले म्हणाले, पॅकिंग अपुरं होतं, शिवाय जुना माल, तडा आधीचाच असेल, आणि बिल्टीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असं छापलेलं आहे. मी मधोमध. शिकंजाच म्हणा.

मी बी. ए. झालेला माणूस, वकील नाही. पण महिनाभरात जेवढं वाचलं तेवढं सांगतो. रस्त्याने माल वाहणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे, तो २०११ पासून लागू झाला. आधी इंग्रजांनी केलेला १८६५ चा होता. घरपोच पार्सल पोचवणाऱ्या कुरिअर कंपन्याही या नव्या कायद्यात येतात. माल वाटेत फुटला तर वाहणाऱ्याचा निष्काळजीपणा आपल्याला सिद्ध करावा लागत नाही. फुटला एवढं दाखवलं की पुढचं उत्तर त्याने द्यायचं. ‘मालकाच्या जोखमीवर’ या छापील शब्दांनी निष्काळजीपणाची जबाबदारी टळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली एका निकालात सांगितलं आहे. मात्र दावा करायचा तर माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. आणि खरी मेख वेगळीच आहे. भरपाईला मर्यादा असते, भाड्याच्या दहा पट आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या आत. जास्त जोखमीचा दर आधी भरला असेल तरच अधिक मिळतं.

मी बिल्टीची प्रत मागवली. माझ्या साडेनऊ हजारांच्या शिकंज्याची किंमत तिच्यावर लिहिली होती, रुपये पाचशे.

विकणाऱ्याने विम्याचे पैसे वाचवले होते. वाहतूकवाल्यांनी अतिशय नम्रपणे पाचशे रुपये देऊ केले आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरही होतं. आता विकणाऱ्याकडे वळणं भाग होतं. १९३० चा मालविक्रीचा कायदा सांगतो की विकणाऱ्याने वाहतूकवाल्याशी करार करताना मालाचा प्रकार बघून वाजवी काळजीने करावा. तसा केला नाही आणि माल फुटला, तर ग्राहक त्यालाच जबाबदार धरू शकतो. पाचशेची बिल्टी ही वाजवी काळजी नव्हे, असं मी लिहिलं. माझ्या सगळ्या पत्रव्यवहारातलं हे एकच वाक्य कामाला आलं.

दुसरा आधार ग्राहक संरक्षण कायद्याचा. १९८६ चा जाऊन २०१९ चा आला आणि २०२० मध्ये ऑनलाइन खरेदीचे वेगळे नियम झाले. त्यांनुसार अशा प्रत्येक बाजारपेठेने तक्रार अधिकारी नेमायचा, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची. माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याला परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. जुना माल आहे म्हणून ही जबाबदारी संपत नाही. जुनेपणा सांगितला होता, तडा सांगितला नव्हता. पण एक लक्षात घ्या. हे नियम नेहमी धंदा करणाऱ्यासाठी आहेत. कुणी आपल्या घरातली एखादी जुनी वस्तू सहज विकली तर त्याला हे लागू होत नाहीत. म्हणून घेण्याआधी समोरचा व्यापारी आहे की घरगुती माणूस, हे विचारून घ्यावं आणि बिल मागावं. काही बिघडलं तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथेही मिटलं नाही तर जिल्हा आयोग. आता आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणाऱ्याच्या गावी जावं लागत नाही. दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

मी आयोगाचा अर्ज लिहायला घेतला. त्याला जोडायला तज्ज्ञाचं मत हवं, म्हणून शिकंजा रिक्षात घालून वालीवला एका मिस्त्रीकडे नेला. वसई पूर्वेच्या त्या औद्योगिक वसाहतीत लेथ आणि वेल्डिंगची छोटी छोटी दुकानं आहेत. मिस्त्री माझ्याच वयाचे. त्यांनी आधी काही विचारलं नाही. लहान हातोडीने बैठकीवर टिचकी मारली, टण्ण. कमानीच्या उजव्या खांद्यावर, टण्ण. डाव्या खांद्यावर, ठक. माठ घेताना बायका वाजवून बघतात तसंच हे. मग तड्यावर रॉकेल लावलं, पुसून कोरडं केलं, वर खडूची पूड चोळली आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत आत शिरलेलं रॉकेल खडूतून वर आलं आणि रेघ उमटली. ती करंगळीएवढी नव्हती. मागच्या बाजूने माथ्यापर्यंत गेली होती.

तडा किंचित फाकवून त्यांनी आत बॅटरी धरली. म्हणाले, “सर, इकडे बघा.” नव्याने तुटलेलं बीड आतून करडं आणि चमकदार दिसतं, फोडलेल्या खडीसाखरेसारखं दाणेदार. माथ्याकडचा भाग तसा होता. पण खालचा, दोन बोटं रुंदीचा भाग काळा होता. तेल मुरलेलं, कडेला गंज. तो तडा वर्षानुवर्षं तिथे होता. छापखान्यातच कधीतरी पडलेला. करकचून आवळल्याने आणि आपटल्याने तो पुढे सरकला.

म्हणजे दोघेही थोडे खरं बोलत होते. वाहतूकवाले म्हणत होते तडा जुना, तो अर्धा जुना होता. विकणारा म्हणत होता वाटेत फुटला, तो अर्धा वाटेत फुटला होता.

मुलगा जवळ उभा होता. तो म्हणाला, “अब्बा, नुसता चमकदार भागाचाच फोटो जोडू. काळा भाग पेट्रोलने धुतला तर कुणाला कळणार?” त्याच्या बोलण्यात लबाडीपेक्षा माझी काळजीच जास्त होती. मी लगेच नाही म्हणालो, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी घरी आलो आणि दोन दिवस तसाच राहिलो. साडेनऊ हजार ही माझ्या घरात लहान रक्कम नाही.

आमच्या फिक्हमध्ये, म्हणजे धर्मशास्त्राच्या व्यवहारकांडात, खियारुल-ऐब नावाचं एक प्रकरण आहे. वस्तूत लपलेला ऐब निघाला तर सौदा मोडण्याचा अधिकार घेणाऱ्याला असतो आणि विकणाऱ्याने ऐब दाखवूनच विकावं अशी अपेक्षा असते. अब्बांना शास्त्र येत नव्हतं, पण पुस्तकाचं एखादं पान शिवताना फाटलं तर ते गिऱ्हाइकाला तेच पान उघडून दाखवायचे आणि चार आणे कमी घ्यायचे. मला राग यायचा. न दाखवता कुणाला कळणार होतं?

तिसऱ्या दिवशी मी दोन्ही भागांचे फोटो विकणाऱ्याला पाठवले. सोबत लिहिलं की तडा अर्धा तुमच्याकडचा आहे, अर्धा वाटेतला, आणि वाटेतल्या अर्ध्यालाही तुमचं पॅकिंग आणि तुमची पाचशेची बिल्टी कारण आहे. आठ दिवस उत्तर नाही. मग फोन आला. आवाज बदललेला होता. “कसम से, मला तो तडा माहीत नव्हता. वर रंग दिलेला होता, तसाच मी घेतला.” ते खरं असावं. त्या रंगाचा पापुद्रा मी पाहिला होता. तो म्हणाला, माल परत पाठवा, सगळे पैसे देतो. परत पाठवलेल्या फुटक्या बिडाचं तो काय करणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी म्हणालो, शिकंजा ठेवून घेतो, दुरुस्तीचे द्या. साडेपाच हजारांवर मिटलं. वाहतूकवाल्यांचे पाचशे चार महिन्यांनी आले. आमच्या घरात अजून मत आहे की मी सगळे पैसे घ्यायला हवे होते आणि त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

दुरुस्ती वालीवलाच झाली. तड्याच्या टोकाला मिस्त्रींनी बारीक भोक पाडलं, तडा पुढे सरकू नये म्हणून. जुनं तेल जाळून काढायला कमान बराच वेळ गॅसवर तापवली, कारण तेलकट बिडाला पितळ धरत नाही. मग तडा खोबणीसारखा कोरून त्यात टाकणखार घालून पितळ भरलं आणि सगळी कमान चुन्याच्या भुकटीत पुरून ठेवली. बीड घाईने थंड झालं की शेजारीच नवा तडा जातो. दुसऱ्या दिवशी बाहेर काढून दोन्ही अंगांनी पोलादी पट्टी बोल्टने कसली. चाकाचा आराही जोडला. मजुरी अठराशे. “पूर्वीइतका जोर लावू नका,” म्हणाले, “पुस्तकापुरता ठीक आहे.”

शिकंजा आता आमच्या गॅलरीत आहे. कमानीच्या डाव्या खांद्यावर पितळेची पिवळी शीर दिसते. आतापर्यंत एकतीस प्रती बांधून झाल्या, त्यातल्या पहिल्या पाच वाकड्या. प्रत्येक वेळी चाक आवळण्याआधी मी पाच रुपयांच्या नाण्याने दोन्ही खांदे वाजवून बघतो. उजवा टण्ण वाजतो. डावा जरा बसका वाजतो, पण गेल्या महिन्यापेक्षा जास्त बसका नाही.